मर्यादित आवृत्ती

भयकथा वाचणाऱ्या माणसाला घरात फारशी किंमत नसते. कविता वाचणारा हळवा ठरतो, चरित्रं वाचणारा विचारी ठरतो, शेअर बाजारावरची पुस्तकं वाचणारा तर घरातला कर्ता पुरुष ठरतो. भयकथा वाचणाऱ्याला मात्र रात्री अकरा वाजता मुद्दाम गच्चीवर वाळत घातलेले कपडे आणायला पाठवतात. जाताना तो जिन्यातले सगळे दिवे लावतो की नाही, यावर घरातली शेंबडी पोरंसुद्धा पाळत ठेवून असतात. मी लावतो. येताना बंदही करत नाही.

या नादाला मी लागलो तो नारायण धारपांमुळे. आमच्या डोंबिवलीतल्या सर्क्युलेटिंग लायब्ररीत धारपांची पुस्तकं अशी काही फिरलेली असत की मुखपृष्ठ चिकटपट्टीने धरलेलं आणि शेवटची पानं कोणीतरी केव्हाच लंपास केलेली. धारपांच्या पुष्कळ कथांत अखेरीस समर्थ हे त्यांचे नायक येतात, कथेतल्या अभद्र शक्तीला तिची जागा दाखवतात आणि वाचकाला झोपायला मोकळं करतात. आमच्या प्रतींत ती पानंच नसत. त्यामुळे माझ्या लहानपणी समर्थ कधी आलेच नाहीत. तळघराचं दार करकरलं, आतून काहीतरी वर यायला निघालं, आणि पुस्तक संपलं. पुढे रत्नाकर मतकरींच्या गूढकथांनी उरलीसुरली झोपही घालवली. मतकरींच्या कथांना शेवट असत, पण ते वाचल्यावर वाटे की पानं फाटलेलीच बरी होती.

चाळिशी उलटल्यावर मला शोध लागला की, मी ज्याला लायब्ररीवाल्याचा हलगर्जीपणा समजत होतो, तो इंग्रजीत एक प्रतिष्ठित साहित्यप्रकार आहे. त्याला विअर्ड फिक्शन म्हणतात. त्यात भूत आपली ओळख करून देत नाही. ते कोणाचं, कशासाठी आलंय, त्याला हवंय काय, याचा पत्ता लेखक लागू देत नाही. समर्थ येत नाहीत, पोलीस येत नाहीत, डॉक्टर आलेच तर तेच आधी जातात. वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो आणि तो तिथेच राहतो. या प्रकारातलं नवं आणि चांगलं लेखन मोठे प्रकाशक पटकन काढत नाहीत. ते काढतात छोटे छोटे प्रकाशक. कुठे यॉर्कशरच्या खेड्यात नवरा-बायको, कुठे डब्लिनमध्ये एकटा गडी, कुठे कॅनडात कोणी. हौसेने, हातच्या पैशाने, दोनशे-तीनशे प्रती.

मी अकाउंट्सवाला माणूस. कुठलीही हौस असो, मी आधी तिचे आकडे बघतो, आणि या हौसेचे आकडे तर झपाटून टाकणारे होते. एच. पी. लव्हक्राफ्ट हे या प्रकारातलं मोठं नाव. त्याच्या हयातीत त्याचं स्वतंत्र असं एकच पुस्तक निघालं, १९३६ साली, ‘द शॅडो ओव्हर इन्समाउथ’. छापल्या चारशे प्रती, बांधून झाल्या त्यातल्या निम्म्याच्या आसपास, आणि मुद्रणदोष इतके की शुद्धिपत्र जोडावं लागलं. पुढच्या वर्षी बिचारा वारला. मग त्याच्या दोन चाहत्यांनी, ऑगस्ट डर्लेथ आणि डोनाल्ड वॉन्ड्री यांनी, १९३९ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या सॉक सिटी नावाच्या लहानशा गावात ‘अर्कम हाउस’ हे प्रकाशन काढलं आणि त्याच्या कथांचा जाडजूड ग्रंथ १,२६८ प्रतींत छापला. किंमत पाच डॉलर. त्या खपायला चार वर्षं लागली. आज त्यातली एक धड प्रत हवी असेल तर हजारो डॉलर मोजावे लागतात.

हे झालं जुनं. अमेरिकेतल्या थॉमस लिगोटीचं पहिलं पुस्तक १९८०च्या दशकात एका छोट्या प्रकाशकाने ३०० प्रतींत काढलं; २०१५ साली तेच लेखन पेंग्विन क्लासिक्समध्ये, म्हणजे होमर आणि कालिदासाच्या रांगेत, जाऊन बसलं. यॉर्कशरच्या ‘टार्टारस प्रेस’ने २०१४ मध्ये अँड्र्यू मायकल हर्ली या कोणालाच माहीत नसलेल्या माणसाची ‘द लोनी’ ही कादंबरी काढली, त्याही ३०० प्रती. ती मोठ्या प्रकाशकाने उचलली आणि तिला २०१५चं पहिल्या कादंबरीचं कोस्टा पारितोषिक मिळालं.

तीनशे, तीनशे, तीनशे. हा आकडा माझ्या डोक्यात जाऊन बसला. कारण मराठीत तीनशेची आवृत्ती काढणाऱ्याची दया येते. एके काळी हजाराची आवृत्ती ही साधी गोष्ट होती. आता पाचशे काढणारा प्रकाशक सासरची शेती विकून धंद्यात उतरलाय असं लोक धरून चालतात. तिकडे तीनशे प्रती काढतात, त्यांवर हाताने क्रमांक घालतात, लेखक सही करतो, आणि लोक त्या चाळीस-पंचेचाळीस पौंडांना घेऊन कपाटात कुलूप लावून ठेवतात. म्हणजे आपल्या प्रकाशकांकडे माल तोच होता. ते बिचारे क्रमांक घालायला विसरत होते!

हे तंत्र समजून घ्यावं म्हणून मी तसलं एक पुस्तक मागवलं. ज्या प्रकाशकाने ते काढलं त्याचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात त्याचा काडीचाही दोष नाही. पुस्तक आलं. मलईच्या रंगाचं जॅकेट, शिवून बांधलेली पानं, आत रेशमी फीत, पहिल्या पानावर शाईने घातलेला क्रमांक आणि सही. टपालखर्च धरून सहा हजार तीनशे रुपये पडले होते. पानं होती दोनशे दहा. मी मनातल्या मनात भागाकार केला, आणि तिथेच त्या पुस्तकाचं वाचन संपलं. तीस रुपयांचं एक पान! लेखकाने दलदलीवरच्या धुक्याचं अर्ध्या पानाचं वर्णन केलं की मला वाटे, पंधरा रुपये गेले, अजून काही घडत नाही. पुस्तक उघडण्यापूर्वी मी हात साबणाने धूत असे. चहा स्वयंपाकघरातच पिऊन येत असे. हिने एकदा शेंगदाण्याची चटणी वाटता वाटता सहज विचारलं, “अहो, बघू काय आहे त्यात?” आणि माझ्या तोंडून जी किंकाळी निघाली, तशी त्या पुस्तकातल्या एकाही पात्राच्या तोंडून निघालेली नाही. कथेतली ती बाई दलदलीत शेवटी काय बघते, हे मला नीट आठवत नाही. जॅकेटच्या डाव्या कोपऱ्यावर हळदीचा ठिपका आहे की छपाईचाच डाग आहे, हे बघण्यात मी गुंतलो होतो.

तेव्हा वाचक होण्यात अर्थ नाही, प्रकाशक व्हायचं, असं मी ठरवलं. आपणच लिहायचं, आपणच काढायचं. तीनशे प्रती, क्रमांकित, स्वाक्षरीसह, किंमत ९०० रुपये. तीनशे गुणिले नऊशे, दोन लाख सत्तर हजार. खर्च वजा जाता दीड लाख कुठे गेले नाहीत. हा हिशेब मी हिला दाखवला. ती म्हणाली, “गुणाकार बरोबर आहे.” याहून जास्त पाठिंबा तिने आजवर माझ्या कुठल्याच योजनेला दिलेला नाही.

पहिली कथा मी आमच्याच इमारतीच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर लिहिली. रोज रात्री तीन वाजता टाकीतलं पाणी आपोआप हाताच्या लांबीएवढं चढतं आणि पहाटे उतरतं. पंप बंद असतो. नायक झाकण उघडून बघतो, तर पाणी काळं, निश्चल, आणि चढतच असतं. आत काहीतरी आहे, ज्याला जागा लागते. ते काय आहे, हे मी शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही ठाऊक नव्हतं. हीच तर या प्रकाराची खुबी! लिहून झाल्यावर माझ्याच अंगावर काटा आला आणि त्या रात्री गच्चीवरचे कपडे गच्चीवरच राहिले.

दुसऱ्या दिवशी मी ती कथा घरात वाचून दाखवली. वाचन संपल्यावर जी शांतता पसरली, ती मी दाद समजलो. मग ही म्हणाली, “बॉलकॉक गेलाय.”

“म्हणजे?”

“टाकीचा बॉलकॉक. महापालिकेचं पाणी रात्री तीनलाच येतं. बॉलकॉक अडकला की टाकी भरते. एवढ्यासाठी तेरा पानं कशाला लिहिलीत? सेक्रेटरींना सांगायचं की.”

सेक्रेटरींना मी सांगितलं नव्हतं, तरी कथा त्यांच्यापर्यंत पोचली. ते संध्याकाळी घरी आले. “साहेब, कथा छान आहे,” ते म्हणाले, “फक्त बी विंग असा उल्लेख नको. तिथे दोन फ्लॅट विकायला काढलेत. आणि टाकी साफ केल्याची पावती माझ्याकडे आहे, तीही कथेत कुठे बसत असेल तर बघा.”

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींचं मत वेगळं पडलं. त्यांनी पीठ मळता मळता सगळं ऐकलं होतं. “दादा, बॉलकॉक कसला? त्या साती आसरा. पाण्यात असतात त्या. हळदकुंकू वाहा, खण-नारळ ठेवा, जातात गप निघून.” ऑफिसातल्या मित्राने विचारलं, “गच्चीवर पिंपळ उगवलाय का रे कुठे? भिंतीच्या फटीत? मग मुंजा. सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुलगा. आमच्या आजोळी होता एक.” त्याच्या शेजारच्याने मुंजा पाण्यात जात नाही हे ठासून सांगितलं, आणि माझ्या टेबलाशी त्या दोघांची जुंपली. कथा कशी आहे, हे कोणीच बोललं नाही.

तेव्हा मला मराठी भयकथाकाराचं खरं दुखणं कळलं. आपल्याकडे प्रत्येक गूढाला एकतर प्लंबर असतो, नाहीतर भगत. अनामिक असं काही शिल्लकच नाही. गेलेला प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या खात्यात रीतसर वर्ग झालेला आहे. बाळंतपणात गेलेली हडळ होते, तिची पावलं उलटी. इस्टेटीत जीव अडकलेला समंध होतो. चकवा रानात वाट चुकवतो, पण त्याच्या वाट्याला न जाता जागच्या जागी बसून राहिलं की उजाडता उजाडता सोडतो. देवचार तर भूतसुद्धा म्हणवत नाही, तो गावाच्या वेशीचा राखणदार. हातात काठी, खांद्यावर घोंगडी, आणि त्याला बिडी-काडी दिली की झालं. प्रत्येकाचा मुक्काम ठरलेला, वेळ ठरलेली, मागणी ठरलेली. भूत कोणतं हे एकदा कळलं की उरतं ते फक्त सामान आणायचं काम. लव्हक्राफ्टच्या नायकांना ज्या गोष्टीचं वर्णन करताना शब्द सुचत नाहीत आणि वेड लागतं, तिला आमच्या मावशींनी पोळी उलथता उलथता नाव सांगितलं असतं आणि नारळ कोणत्या दुकानातून आणायचा तेही.

मी हट्टाला पेटलो. ज्याला आपल्याकडे नावच नाही असं काहीतरी शोधून काढायचं! चेन्नईच्या ‘ब्लाफ्ट’ या छोट्या प्रकाशनाने भारतभरातल्या भुताखेतांचा इंग्रजीत एक कोशच काढला आहे. याच ब्लाफ्टने २००८ मध्ये तमिळ लगदा साहित्याचा, म्हणजे पल्प फिक्शनचा, इंग्रजी अनुवाद काढून लोकांना चकित केलं होतं. तो कोश मी आणला आणि अकारविल्हे वाचत बसलो. हेतू एवढाच की जे त्यात नसेल ते आपलं. पण मला टाकीत जे सुचलं ते कुठल्यातरी प्रांतात आधीच हजर, जिन्यात जे सुचलं ते दुसऱ्या प्रांतात, आणि लिफ्टमध्ये जे सुचलं ते झाडावर राहणारं निघालं; फक्त त्याला अजून लिफ्ट मिळाली नव्हती. हा देश वर्णनातीत भीतीला अनुकूल नाही, हे उघड होतं. तरीही मी कथा पुऱ्या केल्या. प्रत्येकीत ‘ते’, ‘त्याने’, ‘त्याला’ एवढ्यावर भागवलं. कुठेही नाव घातलं नाही.

मग छापखाना. एमआयडीसीतले आमचे मुद्रक लग्नपत्रिका, बिलबुकं आणि निवडणुकीच्या काळात पत्रकं छापतात. त्यांनी आकडा ऐकून चष्मा काढला. “तीनशे? साहेब, तीनशे तर हल्ली लग्नाच्या पत्रिकाही कोणी छापत नाही. हजार घ्या, प्लेटचा खर्च तोच आहे.” मी त्यांना मर्यादित आवृत्तीचं तत्त्वज्ञान समजावून सांगितलं. लव्हक्राफ्ट सांगितला, लिगोटी सांगितला, टार्टारस सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे पुढच्या आवृत्तीचं काम मिळायचं नाही ना आम्हाला?”

कागद मात्र मी मनासारखा घेतला. डेमी आकार, सत्तर जीएसएम नॅचरल शेड, सोळा पानांचे फर्मे, दोऱ्याची शिलाई, पुठ्ठा बांधणी आणि वर जॅकेट. जॅकेट पूर्ण काळं, मॅट लॅमिनेशन, त्यावर काहीही चित्र नाही. मॅट काळ्यावर बोटांचे ठसे उमटतात, हे मला मुद्रकांनी छापून झाल्यावर सांगितलं. बाइंडिंगच्या पोराने प्रत्येक प्रत दोन्ही हातांनी घट्ट धरून थप्पीत रचली होती. तीनशेच्या तीनशे प्रतींवर दहा बोटं उमटली होती, पाठीमागून कोणीतरी पकडल्यासारखी. पुढे एका वाचकाने या मुखपृष्ठाच्या कल्पकतेबद्दल माझं मनापासून अभिनंदन केलं. मी ते स्वीकारलं.

राहिला क्रमांक. मी हाताने घालणार होतो, पण माझं अक्षर व्हाउचरवर शोभणारं. मुद्रक म्हणाले, “नंबरिंग मशीन आहे की आपल्याकडे. बिलबुकाला मारतो तेच.” ते यंत्र माझ्या समोरच काढलं. मुठीत मावणारं, वर दाबायचा दट्ट्या, खाली पितळी आकड्यांची चाकं, लाल शाईची गादी. दाबलं की खट्ट, एक आकडा. पुन्हा दाबलं की चाक आपोआप पुढे सरकून पुढचा. ‘प्रत क्र.’ या सुबक अक्षरांसमोर ते लाल, किंचित तिरके आकडे उमटत गेले. पुस्तक साहित्याचं वाटत होतं आणि क्रमांक वाणसामानाच्या पावतीचा. पण मी म्हटलं, असू दे, हीच आपली शैली. त्यांचा मुलगा मोबाइलवर बोलत बोलत खटाखट मारत सुटला आणि मी चहा घेऊन घरी आलो.

प्रकाशक होण्यात आणखी काही सुखं आहेत, ती ओघात सांगतो. आयएसबीएन क्रमांक सरकार फुकट देतं, त्यामुळे भरून आलं. लगोलग कळलं की १९५४च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक नव्या पुस्तकाची एकेक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीतल्या ग्रंथालयांना प्रकाशकाने स्वखर्चाने पाठवायची असते. नऊशे गुणिले चार, तीन हजार सहाशे. मर्यादित आवृत्ती छापण्याआधीच मर्यादा दाखवायला लागली होती. तरी एक समाधान होतं. चार महानगरांत माझी टाकी कायमची भरून राहणार होती.

प्रकाशन समारंभ सोसायटीच्या हॉलमध्ये झाला. एम. आर. जेम्स हा केंब्रिजचा पंडित नाताळात मेणबत्तीच्या उजेडात मित्रांना आपल्या भुताच्या गोष्टी वाचून दाखवत असे. तसं वातावरण करावं म्हणून मी हॉलमधले दिवे मालवायला सांगितलं. ज्येष्ठ नागरिकांनी लगेच लावायला सांगितलं. वडे दिसत नव्हते. मी टाकीची कथा वाचली, आणि शेवटचं वाक्य हवेत असतानाच दुसऱ्या रांगेतले एक गृहस्थ उठले. “यावरून आठवलं,” ते म्हणाले. “खोटं वाटेल, पण आमचे काका रात्री सायकलवरून येत होते...”

मराठी श्रोत्यांसमोर भयकथा वाचू नये ती याचसाठी. इथे बसलेल्या प्रत्येकाला एक काका असतो आणि तो काका एकदा अमावास्येला सायकलवरून येत असतो. कॅरियर जड होतं, मागे कोणीतरी बसल्यासारखं वाटतं, काका मागे बघत नाही, मारुतीच्या देवळापाशी सायकल हलकी होते. एका काकापाठोपाठ दुसरा काका आला, त्याच्या मागून एका बाईंचे मामा आले. मंचावर लेखक मी एकटाच होतो आणि हॉलमध्ये मलाच कोणी बोलू देत नव्हतं. लोक मनसोक्त घाबरले, वडे संपवले, आणि जाताना टेबलापाशी थांबून एकच प्रश्न विचारू लागले, “सवलत किती?”

“मर्यादित आवृत्ती आहे,” मी म्हणालो.

“ते समजलं. पण सवलत?”

याच गडबडीत तो प्रकार घडला. पुस्तक घेतलेले दोन निवृत्त गृहस्थ चष्मे सरसावून पहिलं पान बघत होते. एकाने वाचलं, “प्रत क्रमांक सत्तेचाळीस.” दुसरा म्हणाला, “माझीही सत्तेचाळीस.” त्यांनी पुस्तकं शेजारी शेजारी धरली. लाल शाईत, तसाच किंचित तिरका, ०४७ आणि ०४७. बाजूच्या बाईंनी आपली उघडली, ०५२. पलीकडच्या खुर्चीतल्या मुलीने मान वर केली आणि अगदी हळू म्हणाली, “माझीपण.” हॉल एकदम गप्प झाला. पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. लोक एकमेकांच्या हातांतल्या काळ्या पुस्तकांकडे आणि त्यांवरच्या बोटांच्या ठशांकडे बघू लागले. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. सगळ्या आयुष्यात ज्याची वाट बघितली ते समोर उभं होतं. नाव नाही, कारण नाही, मागणी नाही. प्रत्येक माणसाला या हॉलमध्ये कुठेतरी त्याच्याच आकड्याचा दुसरा एक माणूस होता.

“खटका डुप्लिकेटवर राहिला असेल,” मागच्या रांगेतून मुद्रक म्हणाले. “बिलबुकाला एक नंबर दोनदा मारायचा असतो. गिऱ्हाइकाला एक, आपल्याला एक.”

“हां!” सगळा हॉल म्हणाला, आणि सुटकेचा श्वास टाकून चपला शोधायला लागला. म्हणजे माझ्या तीनशे प्रती एक ते दीडशे अशा दोनदा क्रमांकित झाल्या होत्या. जगाच्या पाठीवर इतकी मर्यादित आवृत्ती कोणी काढली नसेल.

खपल्या एकसष्ट. उरलेल्यांनी दिवाणाचं पोट अडवलं. “मला या पुस्तकांची भीती वाटायला लागलीय,” ही एकदा म्हणाली. मी उजळून वर बघितलं. “पाहुणे आले तर गाद्या ठेवायच्या कुठे?”

एक प्रत मी वेंगुर्ल्याकडे आत्याला पाठवली होती. मे महिन्यात तिच्याकडे गेलो, तर पुस्तक तिच्या उशाशी होतं आणि पानापानाला शिसपेन्सिलीने खुणा. लव्हक्राफ्टच्या नशिबी आलं तेच माझ्याही आलं होतं. आत्याने शुद्धिपत्र तयार केलं होतं.

“अरे, पान एकतिसार तू देवचाराक विहिरीत घातलंस. देवचार कित्याक जायत विहिरीत? तो वेशीर असता.”

“आत्या, तो देवचार नाही गं. ते नाव नसलेलं काहीतरी आहे.”

“नाव नाय म्हणान कसा चलात? नाव नाय तर ताका हाक कशी मारतलंस? आणि हाक मारल्याशिवाय तो जातलो कसो?” मग तिने मुख्य मुद्दा काढला. “आणि हे सगळे वेतोबाचे चाकर. त्यांच्यार पुस्तक काढूच्या आधी धन्याक इचारलंस?”

विचारलं नव्हतं. हक्कांच्या बाबतीत मी आयएसबीएनच्या पलीकडे गेलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी आत्या मला आरवलीला घेऊन गेली. तिथला वेतोबा म्हणजे भुताखेतांचा अधिपती. त्याला केळ्यांचे घड वाहतात आणि भले मोठे चामड्याचे जोडे वाहतात. रात्री तो गावाची राखण करत फिरतो, आणि जोड्यांचे तळ झिजतात, अशी भाविकांची श्रद्धा आहे. आत्याच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्यांनी गाऱ्हाणं घालायचं कबूल केलं. आधी त्यांनी तपशील विचारून घेतला. किती छापली, किती उरली, किंमत काय. किंमत ऐकून त्यांनी देवाकडे एकवार बघितलं आणि सुरू केलं:

“बा देवा वेतोबा महाराजा! ह्या तुझ्या लेकरान तुझ्या माणसांवर पुस्तक काढल्यान रे महाराजा!”

“व्हय महाराजा!” जमलेले पाच-दहा जण म्हणाले.

“तुका न इचारता काढल्यान रे महाराजा!”

“व्हय महाराजा!”

“दोनशे चौतीस पुस्तकां पलंगाखाली पडली हत, ती खपान दी रे महाराजा! आणि जो कोण सवलत मागीत, ताका बरी बुद्धी दी रे महाराजा!”

इथे ‘व्हय महाराजा’ जरा बारीक आवाजात आलं.

आत्याने माझ्या वतीने जोड्यांचा एक जोड कबूल करून टाकला. त्या मापाचं चामडं आणि ती शिलाई यांचा भाव ऐकल्यावर माझ्या लक्षात आलं की माझ्या प्रकाशनाच्या पहिल्या वर्षाच्या विक्रीतला मोठा घास त्यातच जाणार. पण पैसे दिले, पावती घेतली. गाऱ्हाण्याचा गुण म्हणा की आत्याच्या प्रचाराचा, चार गावांतून पुस्तकाला मागणी येऊ लागली; मात्र प्रत्येकाला आत्याच्या दुरुस्त्या घातलेली, भुतांची नावं आणि उपाय दिलेली प्रतच हवी आहे. मुद्रक हजाराच्या आवृत्तीचा भाव घेऊन मागे लागले आहेत.

मार्चअखेर हिशेब लिहायला बसलो, तेव्हा त्या जोड्यांपाशी पेन अडलं. मानधन लिहावं तर वेतोबाचा पॅन क्रमांक लागेल. जाहिरात म्हणावं तर देवाला बरं दिसणार नाही. शेवटी प्रवासखर्चात टाकले. ऑडिटरने आक्षेप घेतलाच, तर झिजलेले तळ दाखवता येतील.